पहिली सही

आमच्या गावात कोणाला ताप आला की डॉ. ढोके गोळीच्या आधी माठातलं थंड ताक पाजत, आणि ताकाबरोबर एका अमेरिकन डॉक्टरचं चरित्र ऐकवत. दवाखाना म्हणजे एक खोली आणि एक बाकडं. तापात माणूस पळणार कुठे?

हा डॉक्टर अडीचशे वर्षांपूर्वीचा. तापाने फणफणलेला असताना थंड काही प्यायचं नाही, असा त्याला वैद्यांचा हुकूम होता. हुकूम मोडून तो सफरचंदाचा थंड रस प्यायला आणि वाचला. पुढे त्याचं घर जळलं. त्याने त्याच जागी पुन्हा बांधलं. देश स्वतंत्र झाल्याच्या जाहीरनाम्यावर मतं घेतली, तेव्हा पहिलं मत त्याचं.

"पहिलं, मास्तर!" डॉक्टर माझ्यापुढे स्टेथोस्कोप नाचवत. "राजाच्या विरोधात सही म्हंजे फाशीच. अन् आज त्याचं नाव कोणाले माहीत हाय?"

शेजारच्या सुंदराबाई कण्हत म्हणत, "डाक्तर, तो तिकडं वाचला, लय चांगलं झालं. आता मले गोळी दे."

नाव माझ्याही कधी लक्षात राहिलं नाही. मला दुसरंच एक नाव छळत आलं आहे.

गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे आर्वीला जावं लागे. मुली बहुधा जातच नसत. म्हणून हायस्कूल काढायचं ठरलं. संस्थेच्या अर्जावर सात जणांच्या सह्या हव्या होत्या. पण पाटलांचा विरोध होता, आणि जमलेल्यांपैकी निम्म्यांची वावरं त्यांच्या विहिरीच्या पाण्यावर. पेन हातोहात फिरत राहिलं. जो तो म्हणे, आधी अर्ज वाचतो. मीही दोनदा वाचला. तो मीच लिहिला होता.

"आणा इकडं," डॉक्टर म्हणाले. "इथं फाशी तं नाई ना?" आणि त्यांनी सही ठोकली. मग उरलेल्या सहांना एकदम धीर आला.

शाळा चालली, तसे पाटील आपले झाले. त्यांनी इमारतीला जागा दिली. अट एकच: संस्थापकांच्या दगडावर त्यांचं नाव हवं. दगड सात ओळींचा आखून झाला होता. सचिव मी. कोणाचं तरी नाव गाळणं आलं. बाकीच्यांना भाऊबंद होते, भांडायला माणसं होती. डॉक्टर बाहेरून आलेले, एकटे. कारागिराला नावांचा कागद दिला तो त्यांच्याविना. त्यांना सांगितलं, "कारागिराकडून सुटलं."

ते म्हणाले, "त्याले काही बोलू नका, मास्तर. हातावर पोट हाय त्याचं."

याला तीसेक वर्षं झाली. डॉक्टर आता सिंदी मेघेला एका खोलीत राहतात. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा माझ्या अंगात कणकण होती. त्यांनी मनगट धरलं, फ्रिजमधून ताक काढलं आणि अमेरिका सुरू केली. मी मध्येच थांबवलं.

"डॉक्टर, कारागिराकडून सुटलं नव्हतं. मी दिलेल्या कागदावरच तुमचं नाव नव्हतं."

"माहीत हाय." ते ग्लास पुसत होते. "दगड बसवला त्याच हप्त्यात त्याले ताप आलता. ताक पेता पेता त्यानं खिशातून कागद काढून दाखवला. अक्षर तुमचंच."

"मग इतकी वर्षं बोलले काऊन नाई?"

"बोललो असतो, तं तुमी तोंड लपवलं असतं. रोज संध्याकाळी बाकड्यावर येऊन बसणारं दुसरं कोण होतं मले?" त्यांनी ग्लास पुढे केला. "घ्या. गरम होऊन राह्यलं."

मी प्यालो. घरी येऊन हे लिहायला बसलो.

आमच्या शाळेच्या अर्जावर पहिली सही डॉ. माधव ढोके यांची आहे. दुसरी माझी, तीही त्यांची शाई वाळल्यावर केलेली.