काखेतली कचेरी

ठकूबाई सदगीरच्या डाव्या काखेत गाठ होती आणि त्या गाठीत कचेरी चालत होती. हे तिनं चार जणांना सांगितलं, एकाचाही विश्वास बसला नाही.

नवरा म्हणाला, "ऊन लागलं असंल." जाऊ म्हणाली, "आक्का, कचेरी असती तर बाहेर रांग नसती का लागली?" नर्सबाईनं मलम दिलं. चौथे शाळेचे हेडमास्तर. त्यांच्याच शाळेत ठकूबाई पोरांची खिचडी शिजवायची. ते म्हणाले, "अर्ज द्या."

पण कचेरी होती. पूर्वी दहाला उघडून पाचला बंद व्हायची, अलीकडे बंदच होत नव्हती. आतून शिक्क्याचा आवाज यायचा, ठप्प, ठप्प, आणि मग कारकून दप्तरातला एकच कागद मोठ्यानं वाचायचा, "वाढा. दोनाचे चार व्हा." हुकूम म्हटल्यावर आतली मंडळी निमूट वाढायची. लिंबाएवढी गाठ पेरूएवढी झाली. सोमवारी तर तिनं स्वतः ऐकलं, फुप्फुसात शाखा काढायचा ठराव मांडला होता.

तालुक्याच्या दवाखान्यात कडलग नावाची तरुण डॉक्टरीण होती. तिनं नळी काखेला लावली, दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "कारकून किती?"

"एकच. मुरलीधर."

"बरं." तिनं फॉर्म ओढला. "मावशी, यावर गोळी आहे. पण ती आत जाऊन एकाचाच हात धरते. इथं ज्याचं नाव लिहू, त्याचाच. नाव चुकलं तर गोळी वाया, आणि तोवर शाखा निघेल. शाखा निघाली की माझ्या हातात फार उरत नाही." आणि तिनं मुरलीधरचं नाव लिहूनही टाकलं. वाचतो तोच.

"थांब," ठकूबाई म्हणाली. "आधी त्याला विचारू दे." तिनं मान काखेकडं वळवली. "मुरल्या, का रं सारखा वाचतोस?"

"बाई, मी काय करू?" आतला आवाज बसलेला होता. "कपाळावर शिक्का बसला की दप्तरखान्याचं दार उघडतं, आत जाऊन वाचावंच लागतं. पूर्वी एक शिक्का, एक वाचन. मग गजराबाई ओल्या फडक्यानं कपाळ पुसायची आणि मी बाकावर येऊन बसायचो. आता तिनं पुसलं न पुसलं तोच दुसरा बसतो. बाक कुठं होता तेही विसरलो."

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टरीण म्हणाली.

ठकूबाईला शाळेतला फळा आठवला. शाळेत फळ्यावर पोरांचा आकडा लिहितात, तेवढा तांदूळ ती शिजवते, मग फळा पुसतात. मागल्या साली जत्रेच्या दिवशी शाळेत नऊ पोरं होती, पण फळ्यावर कालचा एकशे दहा तसाच होता. तिनं एकशे दहांची खिचडी शिजवली. चौकशी बसली. दोष स्वयंपाकिणीचा निघाला, फळ्याचं कुणी नाव काढलं नाही.

"आकडा लिहिणारा वेगळा, शिजवणारी वेगळी," ती म्हणाली. "खोड ते नाव."

"मावशी, कागद सरकारी आहे."

"काख माझी आहे."

डॉक्टरणीनं नाव खोडलं. "मग कुणाचं लिहू?"

मुरलीधर सांगेना. वरिष्ठांचं नाव कसं घेऊ, म्हणाला. तेव्हा ठकूबाईनं दोन बोटांनी गाठीवर टकटक केली. "शिक्केवाले दादा, तुमचं नाव काय?"

ठप्प. ठप्प. मग एक थकलेला आवाज आला. "आजवर कुणी विचारलंच नाही. कोपरातला खिळा निसटलाय, बाई. बोलावणं आलं तरी हात चालतो, नाही आलं तरी चालतो. माझाच हात, पण माझं ऐकत नाही."

"धरला तर चालंल?"

"लवकर धरा," तो म्हणाला, आणि त्यानं नाव सांगितलं. ठकूबाईनं ते डॉक्टरणीला सांगितलं, तिनं लिहिलं.

गोळी रोज सकाळी, उपाशीपोटी. नवव्या दिवशी खिचडीला फोडणी देताना ठप्प थांबलं. ठकूबाईनं पळी हवेतच धरली. आत ओलं फडकं फिरल्याचा आवाज आला.

"बाई," मुरलीधर म्हणाला, "कपाळ कोरडं आहे. आता काय करू?"

"बाकावर बस. पाणी पी."

शाखेचा ठराव वाचायला कुणी नव्हतं, म्हणून तो तहकूब झाला.

महिन्यानं डॉक्टरणीनं गाठ मापली. परत लिंबाएवढी, तेही छोटं लिंबू. "गोळी चालूच ठेवायची," ती म्हणाली. "हात सोडला की तो पुन्हा सुरू करेल."

"ठेवते. कागद दे इकडं."

चौथी शिकलेली ठकूबाई अक्षराखाली बोट ठेवून वाचू लागली. रोगी, ठकूबाई सदगीर. कचेरी उघडी, शिक्का बंद. मुरलीधरच्या नावावरची काट जागेवर होती. बोट खाली सरकलं. दोषी, विसाजी ठोंबरे.