चंद्रीचं हमीपत्र

बाबालाल मुजावर यांनी विकलेल्या म्हशीच्या दुधात अंदाजे अठ्ठेचाळीस टक्के पाणी आढळले, असं सरकारी पत्र आलं, तेव्हा बाबालालनं ते आधी उलटून मागची बाजू बघितली. मागं काहीच लिहिलेलं नव्हतं. मग त्यानं दारात बांधलेल्या म्हशीकडं बघितलं. चंद्री शांतपणे रवंथ करत होती.

"पाणी पितीया, ते कबूल," तो बायकोला म्हणाला. "पर ते सरळ इकडनं तिकडं येतंय व्हय?"

"मला काय इचारतासा? धार तुमी काढतासा," खैरुनबी म्हणाली. "जेलचं काय लिवलंय ते आदी वाचा."

लिहिलं होतं. भेसळीच्या कायद्याखाली खटला शाबीत झाला, तर कमीत कमी सहा महिने. जास्तीत जास्त किती, ते बाबालालनं वाचलं नाही.

गोंधळ असा होता, की बाबालालच्या धंद्यात पाणी घालायला जागाच नव्हती. शिवाजी पेठेतल्या एका चौकात रोज सकाळी सहाला तो चंद्रीला उभी करायचा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत गलासात धार काढायचा आणि फेसासकट गलास हातात द्यायचा. बादली, घागर, किटली असलं संशयास्पद भांडं तो बाळगतच नसे. पेठेतली मंडळी अशी, की सख्ख्या भावानं बादलीतून आणलेलं दूधसुद्धा, पाणी तर नाही ना म्हणून, बोट बुडवून बघायची. बाबालालच्या दुधाला मात्र आजवर कुणी बोट लावलं नव्हतं. सगळा धंदा त्या न लावलेल्या बोटावर उभा होता.

पंधरवड्यापूर्वी अन्न निरीक्षक पार्श्वनाथ उपाध्ये चौकात आला होता, तेवढंच काय ते निमित्त. नोकरीला लागून दोन महिने झालेले, खिशात कायद्याचं पुस्तक, पिशवीत तीन रिकाम्या बाटल्या. नमुना घ्यायचाय म्हणाला आणि सभ्यपणे रांगेच्या शेवटी जायला निघाला.

"असं कसं, पावणं?" बाबालाल म्हणाला. "चौकात नवा माणूस आला की पयला गलास त्येचा. तानाआक्का, सरा जरा."

तानाबाई म्हणजे सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. सत्तरीची बाई रोज सगळ्यांच्या आधी यायची आणि रोज सगळ्यांना आपल्यापुढं जाऊ द्यायची. तिच्या या मोठ्या मनाचं पेठेत फार कौतुक होतं. "घ्या की, पावणं. आमचं काय, आमी मागं ऱ्हातो," असं म्हणून ती पार टोकाला जाऊन उभी राहिली. उपाध्येनं पहिले तीन गलास तीन बाटल्यांत ओतले, बुचांवर लाख लावली, सह्या घेतल्या आणि नमस्कार करून गेला. त्याचंच हे पत्र.

बाबालाल पत्र घेऊन उपाध्येच्या कचेरीत गेला.

"सायेब, तुमी तितंच हुबं हुतासा. मी पाणी घातलं?"

"नाही."

"मग?"

"अहवाल म्हणतो घातलं."

"पर तुमी बघिटलंसा की, न्हाय घातलं ते."

"बघितलं," उपाध्ये म्हणाला. तो बाबालालपेक्षाही गोंधळलेला दिसत होता. "मी तसं वर लिहूनही दिलं. उत्तर आलं, निरीक्षकाचे डोळे हे मापाचं साधन नाही. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा टक्के पाहिजे, तुमच्यात तीन पूर्णांक एक दशांश आहे. कमी भरलं की भेसळ. कुणी केली, कशी केली, ते कायदा विचारत नाही."

"म्हंजे म्हशीनंच केली म्हणा की."

उपाध्येनं पुस्तक चाळलं. "तसं म्हणायला मनाई दिसत नाही," तो म्हणाला. आणखी दोन पानं उलटल्यावर त्याचा चेहरा थोडा उजळला. "हे बघा. विक्रेत्यानं उत्पादकाकडून मालाची लेखी हमी घेतली असेल, तर विक्रेता सुटतो."

"उत्पादक म्हंजे कोन?"

"ज्यानं माल तयार केला तो."

दोघांनीही खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर म्हैस नव्हती. पण दोघांनाही तीच दिसली.

कोर्टाच्या दारात नेमगोंडा पाटील नावाचा गृहस्थ टेबल टाकून अर्ज लिहायचा. तीस वर्षं दुनियेची भांडणं लिहून त्याला कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं.

"लिहून देणाराचं नाव?" त्यानं विचारलं.

"चंद्री."

"वडलांचं?"

"रेडा हुता. पंढरपुरी."

"वय?"

"सात."

नेमगोंडानं टाक खाली ठेवला. "अज्ञान हाय. अज्ञानाचा कागद चालत न्हाय."

"तीन वेतं झाल्यात तिची."

"मग अज्ञान कसं म्हणायचं," नेमगोंडा म्हणाला आणि पुढं लिहू लागला. 'मी, चंद्री, धंदा दूध देणे, राहणार शिवाजी पेठ, कारणे हमीपत्र लिहून देते की, माझे दूध जसे निघते तसेच दिले जाते. त्यात मी किंवा माझ्या वतीने अन्य कोणी काहीही मिसळलेले नाही.' मग त्यानं शाईचं तबक पुढं सरकवलं. "बाईमाणसाचा उजवा अंगठा घेत्यात. तू उजवा खूर घे. म्होरला."

टेबलाशेजारी उभ्या असलेल्या चंद्रीचा खूर स्टॅम्पपेपरवर नीट उमटला. जरा जास्तच उमटला, कारण चंद्री कागदावरून पाय लवकर उचलेना. बाबालालनं कागद कचेरीत दिला. कारकुनानं न वाचता त्यावर आवक क्रमांक टाकला. आता सरकारदप्तरी उत्पादक सापडल्यामुळं चौकशी विक्रेत्याकडून उत्पादकाकडं वळली आणि आठ दिवसांनी पोस्टमन दारात येऊन विचारू लागला, "श्रीमती चंद्री कोन हाय? सही पायजे."

श्रीमती चंद्री यांनी सोमवारी सकाळी अकरा वाजता चौकशीसाठी जातीनं हजर राहावं, त्या वेळी मालाचा नमुना पुन्हा घेण्यात येईल आणि गैरहजर राहिल्यास एकतर्फी निर्णय देण्यात येईल, असं पत्रात होतं.

"एकतर्फी म्हंजे?" खैरुनबीनं विचारलं.

"म्हंजे मी जेलात आन म्हस घरात."

सोमवारी बाबालालनं सकाळची धार न काढता तटवून धरली आणि चंद्रीला घेऊन निघाला. आता धार निघाली नाही म्हणजे गिऱ्हाइकं उपाशी. ती तरी काय करणार? तीही निघाली. पुढं बाबालाल, मागं चंद्री, तिच्या मागं गलास घेतलेली अठरा माणसं, त्यात तालमीतला सयाजी पैलवान, आणि सगळ्यात शेवटी तानाबाई. वाटेत चार अनोळखी माणसंही रांगेत शिरली. कसली रांग आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण त्या दिवसांत रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग विचारायचं, अशी पद्धत होती.

कचेरीचे बडे साहेब पायरीवर आले. "हे काय आहे?"

"उत्पादक," उपाध्ये म्हणाला.

साहेबांनी हमीपत्र मागवलं. वाचलं. खाली उमटलेल्या खुराकडं बराच वेळ बघितलं. मग चंद्रीच्या पायाकडं बघितलं. कागद हातावेगळा करायचा एकच मार्ग त्यांना दिसला. "घ्या नमुना," ते म्हणाले.

दोन गलास भरले, तसे साहेब म्हणाले, "पुरे. थांबवा."

"थांबवा कसं?" रांगेच्या टोकावरून आवाज आला. "माजा गलास ऱ्हायलाय."

"मग आजी, या पुढं. घ्या."

"आता नगं. मला शेवटचा लागतोय."

"शेवटचाच का?"

तानाबाईनं रांगेकडं बघितलं, मग बाबालालच्या उतरलेल्या तोंडाकडं बघितलं. "ह्यो जेलात गेला तर माजा बी गलास गेलाच," असं काहीतरी पुटपुटली आणि म्हणाली, "सायेब, पयली धार पातळ असती. साय शेवटच्या धारंला उतरती. कुटल्या बी म्हशीची बघा. म्हून मी मागं ऱ्हाते."

सयाजीनं सावकाश मान वळवली.

"आक्का, म्हंजे इतकी वर्सं आमाला म्होरं जाऊ दिलंसा, ते..."

"तुमी जात हुतासा," तानाबाई म्हणाली.

साहेबांनी पुरती धार काढायला लावली. शिपायाच्या चहाच्या स्टोव्हवर पहिला आणि शेवटचा गलास वेगवेगळा तापवला. पहिल्यावर साय आली ती टपाल तिकिटाच्या जाडीची. शेवटच्यावर आली तिची घडी घालता आली असती. मान द्यायला म्हणून दिलेल्या पहिल्या गलासानंच घात केला होता, हे बाबालालला तिथं कळलं.

साहेबांनी शेरा मारला : 'उत्पादकाची हमी ग्राह्य. खटला दाखल करू नये. यापुढे विक्रेत्याने सर्व दूध एका भांड्यात काढून, नीट ढवळून, मगच विकावे. म्हैस आवारातून त्वरित हलवावी.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चौकात चंद्री उभी होती. शेजारी नवी कोरी बादली. बाबालालनं सगळी धार तिच्यात काढली, पळीनं ढवळली आणि पहिला गलास भरून पुढं केला. कुणी हात पुढं केला नाही.

"बादली कुटनं आली?" सयाजीनं विचारलं.

"सरकारी हुकूम हाय."

"हुकूम बादलीचा हाय. आत काय हाय?"

"दूध हाय की, पैलवान. तुमच्याम्होरंच काढलं."

"मग ढवळलंस कशाला? ज्येला ढवळावं लागतंय ते दूध न्हवं," सयाजी म्हणाला आणि त्यानं बादलीत बोट बुडवलं. मागच्यानंही बुडवलं. रांग सैल पडू लागली.

अंमलबजावणी बघायला आलेला उपाध्ये घाईनं पुढं झाला. "मंडळी, मी पहिल्या धारेपासून इथं उभा आहे. पाण्याचा थेंबही घातलेला नाही. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय."

"मागच्या बारीला बी बघिटलं हुतंसाच की, पावणं," तानाबाई म्हणाली. "अठ्ठेचाळीस टक्के निघालं." आणि आपला रिकामा गलास पदराखाली घेऊन ती चालू लागली. आज ती पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढं होती. बाकीची रांग तिच्या मागं गेली.

चौकात चंद्री धरून तिघंच उरली. बाबालालनं भरलेल्या गलासाकडं बघितलं आणि दुसरा पाहुणा कुणी दिसेना, म्हणून तो उपाध्येच्या हातात दिला.

"घ्या, सायेब. आता सगळीकडं साय सारखीच हाय."

उपाध्येनं गलास घेतला, इकडंतिकडं बघितलं, आणि पिण्याआधी हळूच त्यात बोट बुडवलं.