तेराव्या कासवाबद्दल दत्तूभाऊंचं मत

दत्तूभाऊंनी मला आजवर दोनदा ठार मारलं आहे. पहिल्यांदा त्यांच्याच अंगणात, विहिरीपासून गोठ्यापर्यंत ओढत नेऊन. एका कादंबरीतल्या नाजूक नर्सनं डॉक्टरचं प्रेत तेवढंच अंतर एकटीनं चार मिनिटांत ओढलं होतं आणि दत्तूभाऊंना ते पटलं नव्हतं. त्यांना अकरा मिनिटं लागली. मी नुसता मेलेला होतो. दुसऱ्यांदा त्यांनी उशी वापरली. तेव्हापासून आमची ही त्यांना उशी देत नाही.

कादंबरी वाचनालयात परत आली तेव्हा शेवटच्या पानावर चिठ्ठी डकवलेली होती : ‘नर्स रद्द.’

दत्तूभाऊ आमचे शेजारी. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं माल तपासला. निवृत्त झाल्यावर तपासायला माल उरला नाही, म्हणून ते खुनाच्या कादंबऱ्या तपासू लागले. आमच्या वाचनालयातल्या प्रत्येक रहस्यकथेवर त्यांचा अभिप्राय आहे. ‘पान ८८ वर खुनी डावखुरा, पान २१२ वर उजव्या हातानं चहा ढवळतो. दुरुस्ती करावी.’ ‘विष गोड लागतं असं लिहिलं आहे. चाखून कोणी सांगितलं?’ ‘इन्स्पेक्टर सहा दिवस जागा आहे. त्याला सुट्टी द्यावी.’ खुन्याचं नाव मात्र चिठ्ठीत कधीच नसतं. ते फोडणाऱ्याला दत्तूभाऊ खुन्यापेक्षा हलका माणूस समजतात. आणि ठरलेलं शेवटचं वाक्य : “माल बरो, फिनिशिंग ना.”

बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्याला असतो. त्यामुळे या तपासणीत घरचा अडथळा नाही.

यंदा सुजाताची कादंबरी आली. सुजाता मूळची चंदगडची, तुयेला एका कारखान्यात पॅकिंगला आहे. कामाची पाळी संपल्यावर खोलीवर बसून तिनं तीन वर्षांत ‘तेरावं कासव’ लिहिली. मोरजीच्या किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांची राखण करणाऱ्या एकट्या म्हाताऱ्याचा खून होतो, अशी गोष्ट. वाचनालयाचा चिटणीस या नात्यानं मी प्रकाशन ठरवलं. तिनं एकच विचारलं, “सर, बोलणारे सगळे वाचून येणार ना? लोकं हातात घेत्यात, वा वा म्हणत्यात, आणि कपाटात ठेवत्यात. एकानं तरी शेवटपर्यंत वाचावी, एवढंच.”

“अर्थात,” मी म्हणालो. मी स्वतः बेचाळीस पानं वाचली होती.

वाचनालयात आलेली एक प्रत दत्तूभाऊंनी आधीच नेली होती, पण वक्त्यांच्या यादीत त्यांचं नाव मी घातलं नाही. मंगल प्रसंगी ‘रद्द’ हा शब्द नको.

समई पेटली, शाल झाली, नारळ झाला. पहिले वक्ते म्हणाले, कादंबरी शेवटपर्यंत खिळवून ठेवते. दुसऱ्यांनाही तिनं शेवटपर्यंत खिळवून ठेवलं होतं. तिसऱ्यांनी श्वास रोखून धरला होता, पण भाषणात तो लगेच सोडला आणि पुढची वीस मिनिटं स्वतःच्या कवितांवर बोलले. मग प्रमुख पाहुणे उठले. मुखपृष्ठावरचं कासव वर धरून म्हणाले, “प्राणिमात्रांवर दया शिकवणारं असं पुस्तक आमच्या बालवाचकांना हवंच होतं. हे शाळाशाळांतून वाटलं पाहिजे.” पान एकोणिसावर म्हाताऱ्याचा जाळ्याच्या दोरीनं गळा आवळतात. सुजातानं मान खाली घातली आणि शालीचे गोंडे एकेक करून विणायला घेतले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. “दोन मिनिटां.”

मी हातानं खाली बसायची खूण केली. दत्तूभाऊंना खुणा दिसत नाहीत. त्यांनी खिशातून कागद काढला. “पान एकतीस. खुन्याची पावलां सकाळपर्यंत वाळूत उरतात. म्हाका पटना. मी तीन दिवस मोरजेक जाऊन पावलां उमटवून बसलो. भरती आली, पावलां गेली.”

सुजाताची मान झटकन वर आली.

“काका, तुम्ही कुठल्या दिवशी गेलासा?”

“पुनवेच्या.”

“मग जाणारच की! माझा खून अष्टमीला हाय. पान चोवीस बघा. अष्टमीला भरती वरपर्यंत येत न्हाई.”

दत्तूभाऊंनी पान चोवीस काढलं. चष्मा वर केला, खाली केला. “आसा,” ते म्हणाले. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून त्यांनी घेतलेली ही पहिली माघार. सभागृह हसलं, सगळ्यांत मोठ्यानं सुजाता. मग शाल खुर्चीवर टाकून ती सरळ बाकांत येऊन बसली आणि दोघं पानापानावरून भांडायला लागली. होडीचं वल्हं किती जड, दोरीची गाठ कुणाच्या हातची. रंगात येऊन दत्तूभाऊ एकदा “म्हणजे खुनी...” असं म्हणाले आणि अख्खं सभागृह ओरडलं, “नाका हो, नाका!” प्रमुख पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम होता. ते गेले ते कुणाला कळलं नाही.

चाळीस मिनिटांनी दत्तूभाऊंनी कागद तिच्या हातात दिला, “हो कागद दुसऱ्या आवृत्तीक लागतलो गो,” म्हणाले आणि छत्री घेऊन निघून गेले.

“एकूण सहा चुका, सर!” सुजाता मला म्हणाली. बक्षीस मिळाल्यासारखा चेहरा होता. “पाचवी तेवढी लागंना. खोडलीय, पण काय लिहिलंय ते वाचून दाखवा की.”

मी वाचलं. ‘५. पान ६०. एकटा राहणारा दुसरा म्हातारा घरात मरून पडतो आणि दोन दिवस कुणाला पत्ता लागत नाही. आमच्या गावात अशक्य. शेजारी आहेत, पोदेर रोज पाव घेऊन येतो.’ यावर आडवी रेघ. खाली बारीक अक्षरात : ‘तपासलं. दार लावून आत बसलो. पोदेर आला, कालच्या पावांवर आजचे पाव ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भूक लागली म्हणून मीच उघडलं. लेखिकेचं बरोबर. मुद्दा मागे.’

गेल्या आठवड्यात ते दार बंद होतं, हे मी पाहिलं होतं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी समोरच आहे. मुलाकडे गेले असतील, असं म्हणून मी ती लावून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचं दार वाजवलं. दत्तूभाऊ तोंडाला दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर आले.

“कितें रे मास्तर? कोण मेलो?”

“कोण ना. च्या घेवंक आयलों.”

त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं फेस पुसला. मग आत गेले, चहाचं आधण ठेवलं, फळीवरून दुसरा कप काढला. त्याच्यात धूळ साचली होती. तो ते बराच वेळ धूत राहिले.