पाच काट्यांवर तोललेला माणूस

क्रेडिट स्कोअर देणाऱ्या कंपनीचे शेअर घ्यायचे की नाही, हे आपण आठ दिवसांत सांगू, असं निरीक्षकांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. पेपरातल्या तज्ज्ञांना काय कळतंय? ताळेबंद कोणीही वाचेल. निरीक्षकांनी तीस वर्षं वजनमापं खात्यात काढली होती. बाजारातला एकेक दुकानदार त्यांना लांबून पाहूनच घामाघूम व्हायचा.

"ती कंपनी करते काय? माणसं तोलते. म्हणजे तो काटाच झाला. आणि काटा कसा तपासायचा, हे मला कोणी शिकवायचं कारण नाही. पक्कं माहीत असलेलं वजन घ्यायचं, पारड्यात ठेवायचं, आकडा बघायचा."

"आणि पक्कं वजन कुठून आणणार?" बायकोने विचारलं.

"मी आहे ना!"

ते खरंच होतं. निरीक्षकांनी जन्मात कोणाकडून उसनं घेतलं नव्हतं. घरात हप्त्याने आणलेली एकही वस्तू नाही, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत. बायको त्यावर काही बोलत नसे. पुढच्या खोलीत तिचा शिवणवर्ग चालायचा, आठ मशीनं होती, आणि बोलायला तिला वेळही नसायचा.

त्यांच्या स्वतःच्या गुणांचा पहिला रिपोर्ट फुकट मिळाला. नऊशेपैकी निदान आठशे नव्वद तरी असणार, अशा तयारीने निरीक्षकांनी चष्मा पुसला. आकड्याच्या जागी लिहिलं होतं: माहिती अपुरी, गुण देता येत नाहीत.

निरीक्षकांनी कंपनीला फोन लावला. अर्धा तास संगीत ऐकवल्यावर एक बाई बोलली. "सर, तुम्ही कधी कर्जच घेतलेलं नाही. मग फेडता की नाही, ते आम्हाला कसं कळणार?"

"अहो, चोरी न केलेल्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? चोर आहे की नाही, माहिती अपुरी?"

बाईने त्यांची तक्रार नोंदवून घेतली आणि सोबत जोडायला ताजा रिपोर्ट मागितला. दुसरा रिपोर्ट विकत होता.

मग त्यांनी मेहुण्याला त्याचा रिपोर्ट आणायला लावला. मेहुणा म्हणजे कर्जाच्या खांद्यावर बसून जग पाहणारा माणूस. गाडी कर्जाची, टीव्ही कर्जाचा, सहलसुद्धा कर्जाची. त्याला आठशे चार गुण होते.

"दाजी, मला सगळ्या बँका ओळखतात," मेहुणा म्हणाला. "तुम्हाला कोण ओळखतं?"

निरीक्षकांचं डोकं फिरलं. आणि फिरू नये तर काय व्हावं? नियमाने वागलेल्या माणसाला एक कंपनी सरळ तोंडावर सांगते की तू आमच्या हिशेबी नाहीस, आणि त्याने ते मुकाट ऐकून घ्यायचं! ठीक आहे. पारड्यात वजन दिसत नाही म्हणता? टाकतो वजन.

खात्याचा नियम असा होता की एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही. पाच मोजण्या घ्यायच्या, पाच वेगवेगळ्या काट्यांवर. निरीक्षक सोमवारी सकाळी निघाले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत पाच बँकांत पाच अर्ज देऊन आले. चार बँकांनी नकार दिला. पाचवीने क्रेडिट कार्ड दिलं. त्या कार्डावर त्यांनी एक छत्री घेतली आणि बिलाची वाट पाहत बसले.

बिल आलं. छत्रीच्या किमतीच्या खाली कार्डाचं वार्षिक शुल्क लावलेलं होतं. निरीक्षकांनी छत्रीची चिठ्ठी काढून बिलाशेजारी ठेवली.

"छापील किमतीहून जास्त आकारणी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज ऐकून शिवणवर्गातली मशीनं थांबली. "या गुन्ह्यासाठी मी अख्खी दुकानं सील केली आहेत. एक पैसा जास्त देणार नाही."

त्यांनी छत्रीचे पैसे चोख भरले आणि शुल्कावर लाल शाईने काट मारून बिल परत पाठवलं. पुढच्या महिन्यात दंड लागला. त्यावरही काट मारली. तिसऱ्या महिन्यात बँकेतून फोन आला, तेव्हा निरीक्षकांनी फोन करणाऱ्यालाच कायद्याचं कलम पाठ म्हणायला लावलं. मधल्या काळात कंपनीकडे दर तक्रारीसोबत विकत घेतलेला एक ताजा रिपोर्ट जातच होता. शेअरच्या वहीत त्यांनी शेरा लिहिला: काटा सदोष. मालक उर्मट. शेअर घेऊ नयेत.

हे सगळं इथवरच थांबलं असतं तर हसून सोडता आलं असतं. पण लेकीचं घर मध्ये होतं.

लेकीने सात वर्षं पैसे साठवून दोन खोल्यांचा फ्लॅट ठरवला होता. एकट्या पगारावर पुरेसं कर्ज मिळत नव्हतं, म्हणून सोबत बाबांचं नाव लावायचं होतं. बाबांनीच तसा शब्द दिला होता. महिनाअखेरीपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही, तर फ्लॅट हातचा जाणार होता आणि भरलेली आगाऊ रक्कमही.

शुक्रवारी लेक, निरीक्षक आणि बायको, तिघंही बँकेत गेली. कर्जाच्या अधिकाऱ्याने पडद्यावर पाहिलं, मग निरीक्षकांकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्यावर.

"पाचशे बारा," तो म्हणाला. "एका दिवसात पाच ठिकाणी कर्ज मागितलंत? आणि कार्डाचे पैसे तीन महिने थकवलेत? सर, तुम्ही फार अडचणीत आहात का?"

"मी मोजणी घेत होतो," निरीक्षक म्हणाले.

"आधी गुण नव्हते तेच बरं होतं. तुमची पेन्शन बघून आम्ही चालवून घेतलं असतं. आता ही फाइल पुढे सरकायची नाही."

 लेकीने कागद एकेक करून पिशवीत भरले. पिशवीची चेन अडकली. ती ओढता ओढता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बाबा, तुम्हाला नुसती सही करायची होती," ती म्हणाली. "एवढंच काम होतं तुम्हाला."

निरीक्षकांच्या तोंडून कायद्याचं एकही कलम बाहेर पडेना. राग होता, पण तो आता नेमका कोणावर काढायचा हे त्यांना कळेना.

"माझं नाव घातलं तर?" बायको म्हणाली. ती आत्तापर्यंत पाण्याच्या पिंपाशेजारी उभी होती. "वर्गाचं उत्पन्न आहे. दरवर्षी कर भरते मी."

अधिकाऱ्याने तिचे तपशील भरले. पडदा पाहून तो खुर्चीत सरळ बसला. "आठशे एकतीस! ताई, आधी का नाही बोललात?"

"तुला कुठून आले आठशे एकतीस?" निरीक्षक ओरडले.

"अहो, ती आठ मशीनं काय झाडाला लागली होती? हप्त्याने घेतली एकेक करून. फ्रिजही तसाच. तुम्ही ज्या सोफ्यावर बसून पाहुण्यांना सांगता, त्या सोफ्याचा शेवटचा हप्ता गेल्या वर्षी गेला."

फाइल त्याच दुपारी पुढे गेली. लेक आईच्या गळ्यात पडली. बाबांकडे तिने नुसतं पाहिलं, आणि त्या पाहण्याची शिक्षा त्यांना पुरेशी होती.

घरी येताना निरीक्षकांचा आवाज परत आला. अशी कंपनी सील केली पाहिजे, तिचे शेअर शहाणा माणूस चिमट्यानेही उचलणार नाही, असं ते चौकापर्यंत बोलत राहिले.

"मी घेतलेत," बायको म्हणाली.

"काय?"

"शेअर. तुम्ही पाचवा रिपोर्ट विकत घेतलात तेव्हा. म्हटलं, हा माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात दोन दाणे कमी आले तर जन्मात पुन्हा पायरी चढत नाही. आणि यांना रोज शिव्या घालून रोज पैसे भरतोय. काटा खोटा असेल, पण सगळ्यांना तोलून घ्यायला तिथेच जावं लागतंय. आणखी काय तपासायचं?"

 घरी आल्या आल्या निरीक्षकांनी वही काढली, शेरा दोनदा वाचला आणि तावातावाने कंपनीला शेवटचं, निर्वाणीचं पत्र लिहायला घेतलं. कंपनीच्या मागच्या उत्तराच्या तळाशी सूचना होती: सोबत ताजा रिपोर्ट जोडावा. त्यांनी दातओठ खात पैसे भरले.

पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं.

"कितवा?" बायकोने विचारलं.

"चौदावा."

"बरं," ती म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.