अकरा वेळा ग्रुएत्सी

वेंडेलीन गीगरने गावसभेपुढे ठेवलेल्या ठरावात चौदा मुद्दे होते आणि चौदाच्या चौदा मुद्द्यांत 'सायकल' हा शब्द शिवीसारखा वापरला होता. हाल्डेनवीलच्या वरच्या जंगलात डोंगरसायकलींना कायमची बंदी घालावी, अशी त्याची मागणी होती. मतदान शुक्रवारी व्हायचे होते. आणि सोमवारी सकाळी, पाववालीच्या दुकानात सहा माणसांच्या देखत, फ्रेनी बोल्टने त्याला विचारले, "वेंडी, तू जन्मात कधी बसलायस का रे त्या सायकलवर?"

सहाही माणसे हसली. पाववालीसुद्धा हसली. वेंडेलीन अर्धा पाव घ्यायला आला होता, तो रागाच्या भरात अख्खा घेऊन बाहेर पडला.

घरी येईपर्यंत त्याचे कान तापलेले होते. चौतीस वर्षे सरकारी मोजणी खात्यात काढलेला माणूस तो. त्यातली एकतीस वर्षे सुट्टीच्या दिवशी, एक पैसा न घेता, त्याने गावच्या पायवाटा राखल्या होत्या. डोंगरातल्या प्रत्येक दगडावरची खूण त्याच्या हातची. पिवळी खूण म्हणजे आजीबाईंनीही खुशाल चालावे अशी वाट. लाल म्हणजे डोंगरवाट, जरा बेताने. आणि निळी म्हणजे कडे, दोर, बर्फ आणि मागे राहणाऱ्यांसाठी विम्याची कागदपत्रे. हे रंग त्याच्या अंगात इतके मुरले होते की त्याने निळा सदरासुद्धा कधी घेतला नव्हता.

सायकलवाल्यांचा त्याला राग होता तो वेगामुळे नव्हे, चिखलामुळेही नव्हे. ती माणसे ग्रुएत्सी, म्हणजे साधा नमस्कार, म्हणत नाहीत, हे त्याचे खरे दुखणे होते. डोंगरात समोरून कोणी आले की ग्रुएत्सी म्हणायचे. ओळखीचा असो, परका असो, तुमच्यावर कोर्टात दावा लावलेला असो. वेंडेलीनचा सख्खा भाऊ त्याच्याशी अकरा वर्षे बोलत नव्हता, पण वर डोंगरात भेटला की तोही ग्रुएत्सी म्हणत असे आणि मग पुन्हा अबोला धरत असे. आणि हे हेल्मेटवाले तोंडात मिठाची गुळणी धरून सुसाट निघून जातात म्हणजे काय? गावाला काही रीत आहे की नाही?

हे सगळे त्याने बायकोला, रोसमारीला, सूप पिता पिता ऐकवले. तिने ते याआधीही ऐकले होते.

"मग बस ना एकदा," ती म्हणाली.

"कशावर?"

"सायकलवर. म्हणजे शुक्रवारी छातीठोकपणे सांगता येईल, बसलो, पाहिलं, काही दम नाही त्यात. फ्रेनीचं तोंड बंद होईल."

वेंडेलीनला हे पटले. पुराव्याशिवाय बोलणे त्याच्या खात्याला कधीच मान्य नव्हते.

बुधवारी सारा गाव गवत कापायला गेलेला असतो, म्हणून त्याने बुधवार निवडला. तारेवरून डोंगरावर जाणाऱ्या पाळण्याच्या खालच्या थांब्याशेजारी फ्रेनीचे सायकलींचे दुकान होते. फ्रेनी आणि तो शाळेत एका बाकावर होते. पुढे ती टपाल कचेरीतून निवृत्त झाली आणि त्या वयाच्या सगळ्या बायका विणकाम काढतात तेव्हा हिने सायकलींचे मंडळ काढले. वेंडेलीनला दारात पाहून ती चकित झाली असेल, पण तिने तसे दाखवले नाही. तिने पुढे केलेला तीन पानी फॉर्म त्याने पूर्ण वाचला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि सही केली. 'बुधवारी वाटेवर मोजणी केली जाईल' असे त्यात एक वाक्य होते. मोजणी म्हटल्यावर त्याला बरेच वाटले. मग फ्रेनीने सायकलच्या पुढे सतरा नंबरची पाटी लावली, तेव्हा तर त्याने मान डोलावली. सायकलींना नंबर हवेत, म्हणजे तक्रार कुणाची करायची ते कळते, हा त्याच्या ठरावातला सातवा मुद्दा होता.

"बरं, कुठली वाट घेतोस?" फ्रेनीने विचारले. "निळी घे. पहिलीच वेळ आहे."

वेंडेलीनने तिच्याकडे रोखून पाहिले. ही बाई आपल्याला शुक्रवारच्या आत वर पोचवू पाहते आहे, याबद्दल त्याची खात्री पटली.

"निळी? या वयात मला निळीवर घालतेस? शरम वाटत नाही तुला?"

"अरे, तुझ्या भल्यासाठी म्हणाले."

"माझ्या भल्याचं मी बघतो. लाल दे. साधी, सरळ लाल."

फ्रेनीने भुवया वर केल्या. "लाल तर लाल. पण ऐक. उजवा ब्रेक मागचा, तो दाबत राहायचं. डाव्याला उगाच हात लावू नकोस. तो जोरात दाबलास की सायकल थांबते आणि तू एकटाच पुढे जातोस." एवढे बोलून तिने त्याच्या डोक्यावर हनुवटीपर्यंत झाकणारे हेल्मेट चढवले. आत त्याला स्वतःचाच श्वास मोठ्याने ऐकू येऊ लागला.

पाळण्याने वर गेल्यावर पहिली चाळीस मीटर वाट सभ्य होती. त्यानंतर ती एकदम खाली वळली. मुळ्या आल्या, मुळ्यांनंतर दगडी पायऱ्या आल्या, आणि वळणावर भिंतीसारखी मातीची चढण आली, तिच्यावर सायकल आपण होऊन चढली. वेंडेलीन उजवा ब्रेक जिवाच्या आकांताने दाबून मनातल्या मनात ठरावाला पंधरावा मुद्दा जोडत होता. हिला लाल म्हणतात? ही वाट आखणाऱ्याला कोर्टात खेचला पाहिजे. मोजणी खात्यात असता तर एका दिवसात घरी बसवला असता.

तिथून पुढे दोनशे मीटर सायकलची वाट आणि पायवाट एकच होती. आणि त्या पट्ट्यावर, समोरून, खालच्या खोऱ्यातल्या चर्चच्या गायनमंडळाच्या नऊ बायका चढून येत होत्या.

आता प्रश्न तत्त्वाचा होता. जे दुसऱ्याने करावे म्हणून त्याने चौदा मुद्दे लिहिले, ते त्याला स्वतःला चुकवता येणे शक्यच नव्हते. घोळक्याला मिळून एकच ग्रुएत्सी चालते. पण या बायका घोळक्याने नव्हत्या. एकामागे एक, व्यवस्थित अंतर राखून येत होत्या. वेंडेलीनने आयुष्यभर केले तसेच केले. उजवा हात वर केला आणि पहिलीला ग्रुएत्सी म्हणाला.

उजवा हात वर गेला तसा मागचा ब्रेक सुटला. सायकलने उडी घेतली. तो हात खाली आणणार तेवढ्यात दुसरी बाई आली. ग्रुएत्सी. मग तिसरी. डाव्या ब्रेकला हात लावायची सोय नव्हती, कारण लावला तर एकटेच पुढे जायचे. पाचव्या बाईपर्यंत त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आठवी बाजूच्या झुडपात उभी होती, पण तिलाही त्याने वगळले नाही. नवव्या बाईनंतर कुत्रा घेऊन एक जोडपे आले. दोघांना दोन ग्रुएत्सी मिळाल्या. कुत्र्याला तेवढी मिळाली नाही, आणि पुढे घरी तो म्हणाला की ते त्याच्या मनाला लागून राहिले.

त्यानंतरचे त्याला नीट आठवत नव्हते. दोन खांबांमधून तो बाहेर आला, तिथे काहीतरी पिपाणीसारखे वाजले, आणि पाळण्याच्या थांब्यासमोर गुरांना पाणी पाजायचा लाकडी हौद होता, त्यात सायकल अर्धी आणि तो पुरता गेला.

फ्रेनी टॉवेल घेऊनच उभी होती. वेंडेलीन हौदात बसल्या बसल्या तिच्यावर तुटून पडला. लाल म्हणजे बेताची, हे शेंबडे पोरही सांगेल. मग ही कसली लाल?

"लाल अवघडच असते," फ्रेनी म्हणाली. "निळी सोपी. निळीवर बालवाडी येते शुक्रवारी. बर्फावर घसरायच्या वाटांचे रंग असतात ना, तेच इथे."

वेंडेलीनच्या बाह्यांतून पाणी गळत होते. "बर्फाचे रंग बर्फात," तो म्हणाला. "उन्हाळ्यात या डोंगरावर माझे रंग चालतात. एकतीस वर्षं चालतात."

त्याने तिच्याकडून टॉवेल घेतला नाही. तसाच ओला घरी गेला.

गुरुवारी टपालाने एक पत्र आले. गावच्या पायवाटांच्या राखणदारास, असा पत्ता होता, म्हणजे वेंडेलीनलाच. न्याहरी करता करता त्याने ते रोसमारीला वाचून दाखवायला घेतले आणि दुसऱ्या ओळीला त्याचा आवाज खाली आला. गायनमंडळाने लिहिले होते की क्रमांक सतराचा, लाल मोजे घातलेला एक इसम भयानक वेगाने त्यांच्या अंगावरून गेला आणि त्यांच्या खजिनदार बाईंना झुडपात उडी घ्यावी लागली. 'मात्र तो प्रत्येकीला स्वतंत्रपणे, हात वर करून ग्रुएत्सी म्हणाला, आणि पुढे एका जोडप्यालाही म्हणाला, हे न्यायाला धरून नमूद करतो.'

रोसमारीने खिडकीबाहेर, वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहिले. "मोजे आत घेऊ का?" तिने विचारले.

वेंडेलीन दिवसभर विचार करत होता. पायवाटेबद्दल आलेली प्रत्येक तक्रार राखणदाराने सभेत वाचलीच पाहिजे, हा नियम त्यानेच घालून दिला होता. पत्र दडपणे त्याच्या रक्तात नव्हते. शिवाय हा ठरावाच्या बाजूचा सज्जड पुरावा होता, आणि सतरा नंबर कोण, हे फ्रेनीवाचून कोणाला माहीत होते? फ्रेनी लाख वात्रट असेल, पण चुगली करणारी नव्हती. शाळेतही तिने कधी केली नव्हती.

शुक्रवारी शाळेची व्यायामशाळा भरली होती. वेंडेलीनने चौदा मुद्दे वाचले, मग पत्र वाचले, अगदी शेवटच्या वाक्यासकट. सभेत कुजबूज झाली. बायका एकमेकींना म्हणू लागल्या की हा सतरा नंबर कोण मेला, गावाला बट्टा लावतोय. ठराव मंजूर होणार, हे वेंडेलीनला समोरच्या चेहऱ्यांवर दिसत होते. एकतीस वर्षांत त्याचे म्हणणे पहिल्यांदाच सगळा गाव ऐकत होता.

मग गावच्या अध्यक्षा आमानबाईंनी फ्रेनीला बोलायला सांगितले. ती काही भांडली नाही. दर बुधवारी वाटेवर वेळ मोजून होणाऱ्या शर्यतीचा निकाल नियमाप्रमाणे सभेत सांगायचा असतो, तेवढा सांगते, असे म्हणून तिने खिशातून कागद काढला.

"साठीच्या वरच्या गटात दोघंच होतो. पहिली मी, सहा मिनिटं चार सेकंद. दुसरा सहा मिनिटं तेरा सेकंद. क्रमांक सतरा," ती थांबली आणि तिने वेंडेलीनकडे पाहिले. "माफ कर रे वेंडी. फॉर्मवर तू सही केलीस. वेंडेलीन गीगर."

असा काही हशा उसळला की मागच्या भिंतीवरची दोरीची शिडी हलली. पाववाली तर डोळे पुसत होती. आमानबाईंनी घंटा वाजवली आणि हसू दाबत विचारले, "गीगर, ठरावाबद्दल तुम्हाला अजून काही बोलायचंय?"

वेंडेलीन उभा राहिला. मानेपासून टकलापर्यंत तो लाल झाला होता. आता हा माफी मागणार, असे सगळ्यांना वाटले. रोसमारीने मान खाली घातली.

"नऊ सेकंद?" तो म्हणाला. "ही मोजणी चूक आहे."

 वेंडेलीनने गायनमंडळाचे पत्र उचलून डोक्याच्या वर धरले. "इथे लेखी आहे. प्रत्येकीला स्वतंत्रपणे. नऊ बायका आणि एक जोडपं, अकरा ग्रुएत्सी. एकीला एकच सेकंद धरा. अकरा वजा करा. मी दोन सेकंदांनी पहिला आहे. फ्रेनी, तू किती जणांना म्हणालीस?"

"माझ्या वेळी कुणी नव्हतंच वाटेवर."

"मग झालं तर."

"अरे, हात वर केलास म्हणून ब्रेक सुटला," फ्रेनी म्हणाली. "ग्रुएत्सी केल्या नसत्यास तर अजून उतरत असतास."

"ते सिद्ध कर. येत्या बुधवारी."

"करते की. पण वाट तर तू आज बंद करतोयस."

सगळी सभा त्याच्याकडे पाहू लागली. वेंडेलीनने हातातल्या चौदा मुद्द्यांकडे पाहिले, खिशातून पेन्सिल काढली आणि तेरा मुद्द्यांवर पट्टी धरून रेघ मारली. सातवा, नंबराचा, तेवढा ठेवला. त्याखाली त्याने एकच वाक्य लिहिले आणि वाचून दाखवले: डोंगरात सायकलवाल्याने समोरच्याला ग्रुएत्सी म्हटलेच पाहिजे, आणि दर ग्रुएत्सीमागे एक सेकंद त्याच्या वेळेतून वजा व्हावा. सगळ्या गावाने हात वर केले. फ्रेनीने तर दोन्ही केले.

बुधवारी वेंडेलीन सहा मिनिटे एका सेकंदात खाली आला, हौद चुकवून. वाटेत त्याला माणूस भेटला तो एकच, त्याचा भाऊ. अर्ध्या तासाने फ्रेनीची पाळी आली, तेव्हा सामायिक पट्ट्यावर गायनमंडळाच्या नऊ बायका, पाववाली, सायकल मंडळाचे झाडून सगळे सभासद आणि त्यांचे आईबाप, एकामागे एक, व्यवस्थित अंतर राखून चढत होते. फ्रेनी त्रेपन्न वेळा ग्रुएत्सी म्हणाली. वेंडेलीनने आकडा दोनदा तपासला. बरोबर होता.

त्याच संध्याकाळी तो कोरे कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. रोसमारीने त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिले. जंगलातल्या लाल वाटेवर बुधवारी पायी चालणाऱ्यांना कायमची बंदी घालावी, असा तो पहिला मुद्दा होता.