शिधयांची महागाई

साठी उलटलेला एक माणूस दुकानात बबल बाथच्या बाटलीचा भाव विचारतो आणि बाटली न घेताच बाहेर येतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. न्यूझीलंडमधल्या अप्पर हटमधले आमचे शेजारी शिधये दर महिन्याला हेच करायचे. बबल बाथनंतर चमकीची पेनं, मग व्हिडिओच्या दुकानातलं एका रात्रीचं भाडं, मग पोहण्याच्या तलावाचं तिकीट आणि शेवटी टेकअवेमधल्या, म्हणजे पार्सलच्या दुकानातल्या, गरम तळलेल्या चिप्स. शिधयांना पोहता येत नव्हतं. व्हिडिओ लावायचं यंत्रही त्यांच्या घरात नव्हतं.

"हे काय चालवलंय?" मी एकदा विचारलं.

"सरकारचा आकडा तपासतोय."

शिधये रेल्वेत इंजिनिअर होते. आयुष्यभराची पुंजी त्यांनी आपल्या खासगी पेन्शनच्या खात्यात, महागाईशी जोडलेल्या सरकारी रोख्यांत ठेवली होती. सरकारने महागाई वाढल्याचं जाहीर केलं की रोख्यांचं मुद्दलही त्या प्रमाणात वाढायचं. हे त्यांनी मला अनेकदा समजावलं. दर वेळी मला समजायचं, घरी पोचेपर्यंत टिकायचं नाही.

"म्हणजे फायदा किती, शिधये?"

"फायदा नाही हो. आज जेवढं विकत घेता येतं, तेवढंच पुढेही घेता यावं."

"तेवढंच? मग ठेवायचं कशाला?"

"तेवढंच राहावं म्हणून."

यापुढे माझं डोकं चालत नसे.

त्या वर्षांत आमची बाकी मंडळी फायनान्स कंपन्यांत पैसे घालून भरघोस व्याज खात होती. पुढे त्यातल्या काही कंपन्या बुडाल्या, माझे पैसे होते तीही बुडाली. पण ते असो. एका दिवाळीच्या जेवणात मी भर पंगतीत विचारलं, "महागाईमंत्री, एवढं जपून ठेवताय ते कोणासाठी? वर नेणार की काय?" सगळे हसले. शिधयेही हसले आणि भात वाढायला उठले. ते चिक्कू आहेत ही ख्याती वेलिंग्टनपर्यंत पोचली ती माझ्याच तोंडून. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

त्यांची बायको कधीच वारली होती. लेक शुभा "हॉस्टेलला असते" असं ते सांगायचे. तिशी आली तरी हॉस्टेल, म्हणजे काहीतरी फारच मोठं शिकत असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग शिधयांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, गाडी चालवायची बंदी आली. शनिवारी ते आमच्या दारात आले. "देसाई, जरा शुभाकडे सोडता का?"

हॉस्टेल म्हणजे एक साधं बैठं घर निघालं. दाराला उतार केलेला, आत चौघं जण आणि त्यांना सांभाळणारी एक बाई. शुभा काखेत टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घेऊन धावत आली. केसांत दोन पिना, शिधयांचंच नाक.

"चिप्स फर्स्ट, डॅड."

"आधी चिप्स, मग पोहणं. बरं."

टेकअवेपाशी ती एकटी आत गेली. मी मागोमाग निघालो तर शिधयांनी माझी बाही धरली. "नको. तिला स्वतः घ्यायला आवडतं."

काचेतून दिसत होतं. शुभाने नोट दिली आणि उरलेले पैसे न घेताच वळली. काउंटरवरच्या माणसाने ते तिच्या तळहातावर ठेवून बोटं मिटली.

"तिला मोजता येत नाही," शिधये म्हणाले. "हातात असले की देते. म्हणजे हातात असले पाहिजेत ना? घर सरकार चालवतं. चिप्स, तलाव, व्हिडिओ, ती पेनं, हे माझ्याकडे. माझ्यानंतर पेन्शनमधले रोखे तिच्यासाठी राहतील. पण सरकार महागाई मोजतं ती सगळ्यांची. हिची त्याहून जास्त वाढली तर?"

काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी म्हणालो, "अहो, वाढून वाढून किती वाढणार? आठवड्याऐवजी पंधरवड्याने चिप्स खाईल."

"खाईल हो. पण का ते तिला कळायचं नाही." ते काचेतून आत बघत राहिले. "तिला वाटेल, डॅड रागावलाय."

आत शुभा चिप्सवर घालायच्या व्हिनेगरच्या बाटलीसमोर उभी होती. घालावं की नको, तिचं ठरत नव्हतं. मागे रांग वाढत होती. आम्ही दोघं बाहेर थांबलो.