सासऱ्यांच्या नावाची आरपार पाटी

"महिन्यात पाटी करून दाखवतो! नाही झाली तर मशीन स्वतःच्या हातानं भंगारात घालतो!" असं जिनेंद्र मगदूम जेवता जेवता बोलून गेला आणि त्याच्या बायकोनं, रोहिणीनं, ते वाक्य तिथल्या तिथं धरून ठेवलं.

पाटी रोहिणीच्या वडिलांच्या नव्या घराची. गडमुडशिंगीत महिन्याभरात घरभरणी होती. पितळेची दोन मिलिमीटर जाड पट्टी आणि वर कोरलेलं नाव: श्री. बाळासो भाऊसो चौगुले. पाटीवाल्यानं ती दोन दिवसांत दिली असती. पण जिनेंद्रनं नुकतंच कॉम्प्युटरवर चालणारं छोटं मिलिंग मशीन घेतलं होतं! खाली धातू बांधायचा, वर हत्यार फिरणार आणि कॉम्प्युटर सांगेल तसं कोरत जाणार. राजारामपुरीत त्याचं चष्म्याचं दुकान. मशीन हा निव्वळ हौसेचा मामला. रोहिणीला बघायला गेला तेव्हा त्यानं पंधरा मिनिटांत होकार दिला होता आणि मशीन निवडायला दोन वर्षं लावली. हे रोहिणी येईल त्या पाहुण्याला चहाबरोबर सांगायची.

मशीननं लाकूड झकास कोरलं. पितळ दिसलं की मात्र ते थंडी वाजल्यासारखं कापायला लागायचं. पट्टीवर मांजरानं नखं मारावीत तशी अक्षरं उमटली. शेवटी जिनेंद्रनं उद्यमनगरातून ज्ञानू मिस्त्रीला बोलावलं.

ज्ञानूनं मशीन एका हातानं उचललं आणि परत ठेवलं. "मालक, हे खेळणं हाय! मशीन म्हंजे कसं, ढकलल्यावर माणूस मागं सरला पायजे."

"मग काय करायचं?"

"वजन वाढवायचं की!"

आठवड्यात बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जड बेड आला. त्याच्या वजनानं टेबल वाकलं, म्हणून खाली लोखंडी घोडा आला. एवढा थाट केल्यावर जुनी मोटर शोभेना, म्हणून तिप्पट ताकदीची मोटर आली. आता ते सगळं आतल्या खोलीच्या दारातून जाईना. मग सोफा गॅलरीत गेला आणि मशीन हॉलच्या मधोमध बसलं.

"हे छोटं मशीन ना?" रोहिणीनं विचारलं.

"छोटंच आहे गं! मोठी तू बघितली नाहीस अजून!"

या सगळ्यात महिना संपत आला. घरभरणीच्या आदल्या दिवशी जिनेंद्रकडे एकच कोरी पट्टी उरली होती. त्यानं ज्ञानूला फोन लावला. "मिस्त्री, अक्षरांची खोली किती ठेवू?"

पलीकडं कारखान्याचा खणखणाट. "पाव ठेवा की!" ज्ञानू ओरडला आणि फोन ठेवला.

उद्यमनगरात मापं बोलायची ती सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच. ज्ञानूचं पाव म्हणजे पाव सूत, जेमतेम पाऊण मिलिमीटर. चष्म्याच्या दुकानात पाव म्हणजे पाव नंबर. पण जिनेंद्र आता मशीनवाला झाला होता ना! त्यानं पाव म्हणजे पाव इंच धरला, त्याचे सव्वासहा मिलिमीटर केले आणि बटण दाबलं. जुनं मशीन असतं तर कुरकुरून बंद पडलं असतं. नव्या मोटरनं हूं की चूं केलं नाही. पितळेतून आरपार जाऊन ती खालचं प्लायवूडही कोरत सुटली. 'श्री'पासून 'ले'पर्यंत सगळी अक्षरं भोकं होऊन उभी राहिली. 'ब'चं तर पोटच गळून खाली पडलं.

रोहिणी रागावली नाही, म्हणून जिनेंद्र जास्तच घाबरला. "भंगारवाला सोमवारी येतो," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाटी टॉवेलात गुंडाळून दोघं गडमुडशिंगीला पोचले. सासऱ्यांनी चार पाहुण्यांसमोर टॉवेल सोडला, पाटी उजेडाकडं धरली आणि एक डोळा मिटला.

"पावणं, ह्यातनं पलीकडची म्हस दिसतीया की!"

जिनेंद्रनं पाटी परत गुंडाळायला टॉवेल उचलला. जिनेंद्रला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात बाळासो ओरडले, "आरं, छाप हाय ह्यो! रंग आणा रं!"

गुळाच्या बारदानावर त्यांनी पाटी ठेवली आणि वरून ब्रश फिरवला. नाव असं ठसठशीत उठलं की पाहुणे पुढं सरसावले. मग ट्रॉलीवर नाव, फवारणीच्या पंपावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. ते म्हशीकडं वळले तेव्हा सासूबाईंनी त्यांचा हात धरला. शेजारच्या जोतीरामनं तर तिथंच दोन छाप सांगितले.

"म्हटलं, आरपारच घ्यावं," जिनेंद्र छाती काढून म्हणाला. रोहिणी हसली. मशीन वाचलं!

"मग आसं करा पावणं," बाळासो म्हणाले. "मशीन हिकडंच आणून ठेवा. गोठ्याजवळची खोली मोकळीच हाय."

जिनेंद्रनं वाचव म्हणून रोहिणीकडं बघितलं.

"अहो, अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा जावयाकडं काही मागितलंय!" तिचे डोळे भरून आले होते. आता कोण काय बोलणार?

मशीन गेलं. चालवणारा मात्र हवाच. म्हणून जिनेंद्र मगदूम दर रविवारी सकाळच्या केएमटी बसनं गडमुडशिंगीला जातो आणि गोठ्याशेजारी संध्याकाळपर्यंत बसतो. सासरी छाप पाडायची प्रत्येक जावयाला हौस असते. हा डझनानं पाडतो.